कुलूपबंद टूथपेस्ट: दुकानाला दोन स्टार, सरकारला साडेतीन

रेटिंग आधीच देऊन टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचत बसायला नको. आमच्या घराजवळचं औषधं, साबण, शाम्पू मिळणारं जे चेन दुकान आहे त्याला दोन स्टार, आणि ज्या चोरांच्या टोळ्यांमुळे म्हणे या दुकानाला कुलपं लावावी लागली त्यांच्या मागे लागलेल्या कॅलिफोर्निया सरकारला साडेतीन. दुकानाचं नाव लिहीत नाही, बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात राहणाऱ्या कुणालाही माहितीय की सगळीकडे कमीजास्त हेच चालू आहे, उगाच एकाला धरा आणि दुसऱ्याला सोडा असं कशाला.

आधी दुकान. टूथपेस्ट, रेझर, डिओ, कपड्यांचा साबण, बाळाचा फॉर्म्युला, ॲलर्जीच्या गोळ्या, फेसवॉश, सगळं पारदर्शक प्लास्टिकच्या दारांमागे. बटण दाबायचं, मग वर स्पीकरवर एक रेकॉर्डेड बाई सगळ्या दुकानाला सांगते की अमुक आयलमध्ये कस्टमरला मदत हवीय, आणि तुम्ही तिथे शिक्षा झाल्यासारखे उभे. किल्ली असलेला माणूस अख्ख्या दुकानात एक, तोच कॅशवर, तोच ऑनलाइन ऑर्डरी भरतोय, तोच फोटो प्रिंटचं मशीन अडकलं की तिकडे धावतोय. तो येतो, दार उघडून धरतो आणि थांबतो. आता दोन फेसवॉशची लेबलं वाचून बघायची म्हटलं तरी लाज वाटते कारण काउंटरवर चार जण त्याचीच वाट बघतायत, मग हाताला लागेल ते उचलायचं आणि घरी येऊन कळतं की हे तर ऑयली स्किनचं आहे. सॅनिटरी पॅड आणि फंगसचं क्रीम असल्या गोष्टी कुणीतरी शेजारी किल्ल्या वाजवत उभा असताना निवडायच्या म्हणजे काय ते बायकांना वेगळं सांगायला नको. आणि एवढं करून रेझर एका किल्लीचा, डायपर दुसऱ्या किल्लीचे.

त्या माणसाबद्दल तक्रार नाही हं. बिचारा प्रत्येक वेळी सॉरी म्हणतो. चोर समोरून बॅग भरून गेला तरी त्याने अडवायचं नाही अशी त्याला वरून सक्त ऑर्डर आहे, आणि ती बरोबरच आहे, पगारापेक्षा जीव स्वस्त नाही.

कुलपाला माझा तसा विरोध नाही खरं तर. पुण्यात आमच्या वाण्याकडे सगळंच काउंटरच्या पलीकडे असायचं, आपण फक्त यादी वाचायची, पण पलीकडे वाणी स्वतः आणि दोन पोरं असायची ना, डाळ मोजता मोजता तिसऱ्या गिऱ्हाईकाचा हिशोब व्हायचा. इथे उलटं झालं. आधी माणसं कमी केली, मग सेल्फ चेकआउटची मशीनं आणली, मग चोऱ्या वाढल्या म्हणून कुलपं लावली, आणि आता किल्लीला माणूस नाही. वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या मोठ्या चेनच्या प्रमुखाने २०२५ च्या जानेवारीत स्वतःच सांगून टाकलं की वस्तू कुलपात ठेवल्या की त्या तेवढ्या खपत नाहीत. आम्हाला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं!

(सर्दीच्या सुडोएफेड्रिनवाल्या गोळ्या काउंटरमागे असतात आणि लायसन्स दाखवावं लागतं, ते मात्र चोरीमुळे नाही. त्या गोळ्यांपासून मेथ नावाचं ड्रग बनवतात म्हणून २००६ पासून केंद्राचा कायदाच आहे. त्याचा राग दुकानावर काढू नका.)

आता सरकार. इथल्या कुठल्याही देशी पार्टीत हा विषय निघाला की कुणीतरी एक जण हमखास म्हणतो, अहो इथे ९५० डॉलरपर्यंत चोरी माफ आहे. माफ बिफ काही नाही. ९५० च्या आतली दुकानातली चोरी हा मिसडिमीनर म्हणजे किरकोळ गुन्हा धरला जातो, त्यालाही सहा महिन्यांपर्यंत जेल होऊ शकते. आणि ही मर्यादा ४०० वरून ९५० झाली ती २०१० च्या कायद्याने, तेव्हा गव्हर्नर होते श्वार्झनेगर. २०१४ मध्ये लोकांनी मत देऊन प्रपोझिशन ४७ आणलं, त्याने चोरीपुरतं बघायचं तर मुख्य हे केलं की आधी चोरीत सापडलेला माणूस पुन्हा सापडला तरी रक्कम ९५० च्या आत असेल तर किरकोळच. खरा घोळ इथे आहे, रकमेत नाही, कारण टेक्सासमध्ये ही मर्यादा २५०० डॉलर आहे आणि टेक्सासला चोरांचा लाडका म्हणून कुणी नावं ठेवत नाही. तोच माणूस, तेच दुकान, दर आठवड्याला ९०० चा माल, आणि दर वेळी कोरी पाटी, यावर लोक चिडले होते आणि त्यात चूक काही नव्हतं.

गव्हर्नर न्यूसमनी स्वतः एक किस्सा सांगितला होता २०२४ च्या जानेवारीत. ते टार्गेट नावाच्या मोठ्या चेन दुकानात रांगेत उभे होते, एक जण पैसे न देता सामान घेऊन निघून गेला, त्यांनी कॅशवरच्या बाईला विचारलं की अडवत का नाही, तर ती म्हणाली गव्हर्नरमुळे, त्यांनीच नियम ढिले केलेत. समोर कोण उभंय ते तिला नंतर कळलं. मला ती बाई फार आवडली.

सरकार काहीच करत नव्हतं असंही नाही. हायवे पोलीस म्हणजे सीएचपी, त्यांचं दुकानचोरीच्या टोळ्यांसाठीचं खास पथक २०१९ पासून आहे. हायवे पोलिसांचा दुकानाशी काय संबंध असं वाटेल, पण टोळी सकाळी सॅन होजेत, दुपारी वॉलनट क्रीकला आणि संध्याकाळी सॅक्रामेंटोला असते, प्रत्येक गावच्या पोलिसांकडे तिचा एकेकच तुकडा, मग ते जोडायला राज्यभर फिरणारं कुणीतरी लागतंच. २०२१ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये लुई व्हिटॉन फोडलं आणि दुसऱ्या दिवशी वॉलनट क्रीकच्या नॉर्डस्ट्रॉममध्ये गाड्यांचा ताफा लावून पन्नासच्या वर लोक घुसले, तेव्हापासून या पथकाला खरा जोर आला. मग २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राज्याने ५५ ठिकाणच्या पोलीस, शेरीफ आणि सरकारी वकिलांच्या ऑफिसांना मिळून २६७ मिलियन डॉलर वाटले, म्हणजे जवळजवळ पावणेसत्तावीस कोटी डॉलर बरं का. सॅन फ्रान्सिस्कोने त्यातून नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे घेतले, साधारण ४००. साध्या वेशातले पोलीस दुकानात उभे करून एका दिवसात डझनावारी लोकांना पकडायचं, असंही सुरू झालं, त्याला इथे ब्लिट्झ म्हणतात. ख्रिसमसच्या आधी मॉलच्या दारात पोलिसांची गाडी दिसते आता. बरं वाटतं, पण यात पकडला जातो तो बॅग भरणारा पोरगा, तो आज गेला की उद्या दुसरा येतो. या भागाला तीन स्टार.

आमच्या ओळखीच्या एका काकांचं छोटं इंडियन ग्रोसरी स्टोअर आहे. त्यांच्याकडून केशराच्या डब्या, तूप, एनर्जी ड्रिंक असलं जातं. त्यांचं म्हणणं, हे पावणेसत्तावीस कोटी आले कधी आणि गेले कधी ते आम्हाला कळलंही नाही. मोठ्या चेनकडे चोरी पकडायला वेगळी माणसं असतात, कोण किती वेळा आला त्याचे व्हिडिओ, किमतीची यादी, सगळी फाइल तयार करून ते पोलिसांच्या हातात देतात. काकांकडे एक कॅमेरा, तोही डोसा बॅटरच्या फ्रीजकडे तोंड करून. ऑनलाइन फॉर्म भरून केस नंबर मिळतो आणि तो नंबर त्यांनी गल्ल्यामागे गणपतीच्या फोटोखाली खोचून ठेवलाय. योजना छान असते पण फॉर्म ज्याला भरता येतो त्याची असते.

सरकारचं मला मनापासून पटलेलं काम म्हणजे चोरीचा माल घेणाऱ्याला पकडायला सुरुवात केली. विचार करा ना, चाळीस डिओ आणि साठ फेसक्रीम घेऊन कुणी अंघोळीला बसत नाही, ते विकायला लागतं. पूर्वी फ्ली मार्केटला किंवा रस्त्यावर चादर टाकून, आता ऑनलाइन. सॅन डिएगोकडची एक केस खूप गाजली, एक बाई मोठ्या बंगल्यात बसून पोरींची टोळी चालवायची, त्यांचा विमानाचा खर्चसुद्धा ही करायची म्हणे, पोरी सेफोरा आणि अल्टामधून मेकअप उचलायच्या आणि बाई तो ॲमेझॉनवरच्या आपल्या दुकानातून निम्म्या किमतीत विकायची. काही वर्षांत मिलियन्समध्ये धंदा केला. पोलीस शिरले तर गॅरेजमध्ये दुकानासारखी शेल्फं लावून माल मांडलेला. तिला पाच वर्षं चार महिने शिक्षा झाली. ही एक बाई आत गेली म्हणजे शंभर पोरी पकडल्यासारखं आहे, कारण घेणाराच नसेल तर उचलणार कशाला.

यासाठी दोन कायदे कामाचे. एक केंद्राचा, इन्फॉर्म कन्झ्युमर्स ॲक्ट, २७ जून २०२३ पासून लागू. बारा महिन्यांत २०० किंवा जास्त नवीन वस्तू विकून ५००० डॉलर किंवा जास्त कमावणारा जो ऑनलाइन विक्रेता असेल त्याचं बँक खातं, टॅक्स नंबर, फोन, ईमेल हे सगळं त्या वेबसाइटने तपासून घ्यायचं, आणि वर्षाला २०००० च्या वर विक्री असेल तर नाव पत्ता गिऱ्हाईकालाही दाखवायचा. नाही केलं तर एकेका उल्लंघनाला पन्नास हजार डॉलरच्या वर दंड. माझी एक मैत्रीण ऑनलाइन कानातली विकते, तिला हे कागद देताना वैताग आला होता, पण आता मी स्वतः क्रीम किंवा परफ्यूम घेताना विक्रेत्याच्या नावावर क्लिक करून बघते. सतराशेसाठ वेगवेगळ्या ब्रँडचं सामान, सगळं निम्म्या किमतीत, आणि पत्ता कुठल्यातरी अपार्टमेंटचा, असं दिसलं की मी नाही घेत.

दुसरा राज्याचा. १६ ऑगस्ट २०२४ ला न्यूसमनी सॅन होजेच्या एका होम डेपोमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या चेन दुकानात जाऊन एकदम दहा बिलांवर सह्या केल्या, सह्यांना जागा बरी शोधली. त्यातला मुख्य मुद्दा असा की विकायच्या इराद्याने चोरीचा माल जवळ ठेवला तर तो वेगळा गुन्हा, आणि ९५० चा हिशोब करताना वेगवेगळ्या दुकानांतल्या, वेगवेगळ्या दिवसांच्या चोऱ्यांची बेरीज करता येते. म्हणजे ती दर आठवड्याची कोरी पाटी बंद. शिवाय पोलिसांनी चोरी डोळ्यांनी पाहिलेली नसली तरी पुरावा असेल तर अटक करता येते, आणि सराईत माणसाला कोर्ट दोन वर्षांपर्यंत त्या दुकानात यायची बंदी घालू शकतं. या भागाला साडेचार स्टार. अर्धा कापला तो काकांच्या गणपतीखालच्या कागदासाठी.

आपल्याकडेही हे आलंय, बऱ्याच जणांना माहीत नसेल. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या छोट्या गुन्ह्यांची वेगळी व्यवस्था आहे, त्यात पाकीटमारीच्या जोडीला दुकानातली चोरी नावानिशी लिहिलीय, शिक्षा एक ते सात वर्षं. आणि चोरीचा माल घेणाऱ्यासाठी पूर्वी दंड संहितेचं ४११ होतं ते आता ३१७. म्हणजे मुंबईच्या चोर बाजाराची गंमत सांगताना तेवढं लक्षात असू द्या.

मग आलं प्रपोझिशन ३६. नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी ६८ टक्के मतांनी पास केलं, ५८ च्या ५८ काउंट्यांमध्ये, म्हणजे इथल्या जिल्ह्यांमध्ये जिंकलं, १८ डिसेंबरपासून लागू. आधी दोन वेळा चोरीत दोषी ठरलेला तिसऱ्यांदा सापडला तर रक्कम कितीही असो, फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा लावता येतो. न्यूसम विरोधात होते, सॅन होजेचे महापौर मात्र बाजूने, एकाच पक्षाचे दोघं. मी सिटिझन नाही त्यामुळे मला मत नव्हतं पण असतं तरी माझा गोंधळ झाला असता. तिसऱ्या चोरीला कडक, हे पटतं. पण त्यातच ड्रग्जच्या केसमध्ये जेलऐवजी उपचार घ्या अशी सोय ठेवली आणि त्या उपचारांसाठी, कोर्टासाठी पैसेच जोडले नाहीत! मग काउंट्या ओरडायला लागल्या तेव्हा पुढच्या बजेटमध्ये एकदाच काय ते शंभर मिलियनच्या आसपास दिले. ताट वाढायचं आणि स्वयंपाकाचं नंतर बघू. अडीच स्टार.

एक गोष्ट दुकानदारांच्या संघटनांनाही ऐकवायला हवी. नॅशनल रिटेल फेडरेशनने रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की २०२१ मध्ये ९४.५ बिलियन डॉलरचा जो माल गायब झाला त्यातला जवळजवळ निम्मा टोळ्यांनी नेला. पत्रकारांनी खोदून बघितलं तर तसं काही नव्हतं, डिसेंबर २०२३ मध्ये ते वाक्य मागे घ्यावं लागलं. त्या ९४.५ मध्ये नोकरांनी नेलेलं, हिशोबातल्या चुका, खराब झालेला माल, सगळंच येतं. वॉलग्रीन्सने २०२१ मध्ये टोळ्यांचं कारण देऊन सॅन फ्रान्सिस्कोतली पाच दुकानं बंद केली आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांचाच फायनान्सवाला म्हणाला की आम्ही जरा जास्तच रडलो बहुतेक. आता यावर सरकारने करोडो डॉलर वाटले, कायदे बदलले, आणि मी टूथपेस्टसाठी घंटी वाजवतेय. म्हणून दुकानाला दोन स्टार, खरं तर दीडच देणार होते पण तो किल्लीवाला माणूस चांगला आहे.

पण सगळंच रडगाणं होतं असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. १२ जून २०२४ ला सनीवेलच्या पी. एन. जी. ज्वेलर्समध्ये, हो आपल्या गाडगीळांच्या, चेहरे झाकलेले सुमारे वीस जण हातोडे घेऊन भर दुपारी घुसले आणि काचा फोडून दागिने घेऊन पळाले. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. पोलिसांनी पाठलाग करून त्याच दिवशी पाच जणांना धरलं. १८३२ साली सांगलीत सुरू झालेली पेढी, लक्ष्मी रोडवर आपण ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या निवांत बसून चहा पीत वाट्या-मंगळसूत्र निवडतो, त्यांच्यावर ही वेळ. त्या उन्हाळ्यात इथल्या आणखी भारतीय सराफांवरही असेच हल्ले झाले, बावीस कॅरेटचं पिवळंधमक सोनं कुठे मिळतं हे चोरांना आपल्याइतकंच ठाऊक झालंय. तर हा दरोडा आहे, हातोड्याने घातलेला दरोडा. याला ९५० ची मर्यादा कधीच नव्हती, ना प्रपोझिशन ४७ च्या आधी ना नंतर. टीव्हीवर मात्र हा व्हिडिओ आणि डिओ चोरणारा पोरगा एकाच बातमीत दाखवतात आणि मग आपल्याला वाटतं सगळं एकच. सराफाच्या दारात बेल वाजवून आत जायला माझी काहीच हरकत नाही, पाच मिनिटं थांबेन. साबणासाठी थांबणार नाही.

ज्यांचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतात त्यांच्यासाठी थोडं कामाचं. सेल्फ चेकआउटला त्यांना एकटं सोडू नका, एखादी वस्तू स्कॅन झाली नाही आणि पिशवीत गेली तर समोरच्याला हेतू कळत नाही. पावती दाराबाहेर पडेपर्यंत हातात ठेवा. कॅलिफोर्नियात संशय आला तर दुकानवाले थोडा वेळ थांबवून ठेवू शकतात, आणि पोलीस केस झाली नाही तरी वस्तूच्या किमतीशिवाय ५० ते ५०० डॉलर भरपाई मागायचा हक्क त्यांना कायद्याने आहे. जुलै २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने मुद्दाम पोस्ट टाकली होती की चोरी केली तर व्हिसा रद्द होऊ शकतो, पुन्हा मिळणं कठीण. ते एका भारतीय बाईच्या टार्गेटमधल्या व्हिडिओनंतर होतं, तो तर तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला असेलच, आमच्या ग्रुपवर सासूबाईंनीच टाकला आणि खाली लिहिलं, जपून गं.

दुकानाबद्दल शेवटचं राहिलं. जायचंच असेल तर सकाळी जा, तेव्हा दोन माणसं असतात. रविवारी संध्याकाळी अजिबात नको. त्यापेक्षा ॲपवर ऑर्डर टाका आणि काउंटरवरून उचला, कुलपातलंही सामान पिशवीत भरून तयार मिळतं आणि कूपन ॲपमध्येच लागतं. आत मागे जी फार्मसी आहे तिला वेगळे पाच स्टार, तिथली फार्मसिस्ट बाई इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर अशी भांडते की ऐकत राहावं.